गुणफलकावर न दिसणारा बास्केटबॉल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये कोणते खेळाडू ‘ओव्हररेटेड’ (लायकीपेक्षा जास्त डोक्यावर घेतलेले) आहेत आणि कोणते ‘अंडररेटेड’ (लायकीपेक्षा कमी लेखलेले), यावर गेले काही आठवडे आपल्या क्रीडा पानावर वाचकांची पत्रे येत आहेत. क्रिकेट, फुटबॉल आणि कुस्तीवर जीव टाकणाऱ्या बेळगावात बास्केटबॉलवर इतक्या हिरिरीने लिहिले जावे, याचा शाळेच्या मैदानावर हा खेळ शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला मनापासून आनंद वाटतो. अमेरिकेतले रात्रीचे सामने आपल्याकडे पहाटे आणि सकाळी दिसतात, आणि टिळकवाडी, शहापूर, कॅम्प भागातील कितीतरी मुले ते मोबाइलवर पाहूनच कॉलेजात येतात. त्यांच्या पत्रांतली माहिती अद्ययावत आहे आणि तळमळ खरी आहे. परंतु जवळजवळ प्रत्येक पत्रात आवडत्या खेळाडूची बाजू मांडताना सरासरी गुण हाच पुरावा पुढे केलेला दिसतो, आणि त्यावर कोणी हरकत घेतली की मग विजेतेपदांची संख्या सांगितली जाते. या दोन मापांनी खेळाडूची किंमत ठरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. खेळाडूचा लौकिक तो काय करतो यापेक्षा खेळातले काय मोजले जाते यावर जास्त अवलंबून असतो, आणि आपल्या वाचकांनी ज्यांना डोक्यावर घेतले किंवा ज्यांना मोडीत काढले त्यांपैकी बहुतेकांची गोष्ट नेमकी हीच आहे.

एका पत्रलेखकाने बिल रसेलला जुन्या काळाच्या पुण्याईवर मोठा झालेला खेळाडू ठरवले आहे, तेव्हा त्याच्यापासूनच सुरुवात करतो. कारकिर्दीची सरासरी अवघी 15 गुणांची, तेव्हा आजच्या संघात तो राखीव बाकावरही बसला नसता, असा त्या पत्राचा रोख आहे. बॉस्टन सेल्टिक्सने 1957 ते 1969 या काळातील 13 हंगामांत 11 विजेतेपदे मिळवली आणि त्या सर्व हंगामांत संघाचा मधला खांब रसेल हाच होता. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रिंगपर्यंत पोहोचू न देणे हे त्याचे मुख्य काम. एनबीएने ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याचा शॉट हाताने अडवणे) आणि स्टील (त्याच्याकडून चेंडू हिरावून घेणे) यांची अधिकृत नोंद मात्र 1973-74 च्या हंगामापासून सुरू केली, आणि रसेल 1969 मध्येच निवृत्त झाला होता. ज्या कामात त्याची बरोबरी करणारा कोणी नव्हता, त्या कामाचा एकही आकडा अधिकृत दप्तरात नाही. शिवाय तो ब्लॉक कसा करीत असे, हेही पाहिले पाहिजे. आजचे अनेक उंच खेळाडू चेंडू जोरात फटकावून प्रेक्षकांत भिरकावतात, टाळ्या मिळतात, आणि चेंडू पुन्हा प्रतिस्पर्ध्याकडेच जातो. रसेल चेंडूला हलका स्पर्श करून तो आपल्याच सहकाऱ्याच्या दिशेने वळवत असे आणि तिथूनच सेल्टिक्सचा फास्ट ब्रेक, म्हणजे समोरचा बचाव सावरण्याआधीची वेगवान चढाई, सुरू होत असे. एकाच हालचालीत समोरच्याचे दोन गुण वाचवायचे आणि आपल्या दोन गुणांची सुरुवात करायची, हे ज्याला जमले त्याची सरासरी 15 असली काय आणि 10 असली काय.

आपल्याकडे बापू नाडकर्णी यांनी 1964 च्या जानेवारीत मद्रास कसोटीत इंग्लंडविरुद्ध सलग 21 षटके निर्धाव टाकली, आणि त्या डावात त्यांना बळी एकही मिळाला नाही. फक्त बळींचा रकाना वाचणाऱ्याला त्या दिवशी मैदानावर काय घडले ते कधीच कळणार नाही. रसेलचेही तसेच आहे.

त्याच काळातील विल्ट चेंबरलेनविषयी दोन पत्रांत परस्परविरोधी मते आली आहेत. 1961-62 च्या हंगामात त्याने सामन्यामागे 50.4 गुणांची सरासरी राखली आणि 2 मार्च 1962 रोजी न्यूयॉर्कविरुद्ध एकाच सामन्यात 100 गुण केले. एका वाचकाच्या मते यापुढे बोलणेच खुंटले, तर दुसऱ्याच्या मते हे सारे दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांचे फळ. दोघांनीही त्या काळातील खेळाचा वेग विचारात घेतलेला नाही. त्या हंगामात प्रत्येक संघ सामन्यामागे शंभराहून अधिक वेळा बास्केटचा प्रयत्न करीत असे. आज हा आकडा नव्वदच्या आसपास असतो. संधी जास्त, म्हणून गुण जास्त आणि रिबाउंडही (हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेले चेंडू) जास्त. चेंबरलेनचे सामर्थ्य त्यामुळे खोटे ठरत नाही, पण त्याचे आकडे जसेच्या तसे उचलून आजच्या खेळाडूशेजारी ठेवता येत नाहीत. आणि ज्या हंगामात त्याने 50.4 ची सरासरी राखली, त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूचा मान रसेलला मिळाला. त्या वेळी हा मान खेळाडूंच्याच मतांवर ठरत असे. ज्यांना रोज या दोघांसमोर उभे राहावे लागत होते त्यांनी दिलेला हा निकाल मला कोणत्याही सरासरीपेक्षा वजनदार वाटतो.

विजेतेपदांच्या मापाविषयी थोडक्यात सांगतो. रॉबर्ट हॉरी याच्या नावावर ह्यूस्टन, लॉस एंजेलिस लेकर्स आणि सॅन अँटोनियो अशा तीन संघांकडून मिळून 7 विजेतेपदे आहेत, मायकेल जॉर्डनपेक्षा एक जास्त. जॉन स्टॉक्टनच्या नावावर एकही नाही. तरीही 19 हंगाम युटा जॅझकडून खेळून 15,806 असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटला कारण ठरलेले पास) आणि 3,265 स्टील्स असे दोन्ही उच्चांक त्याने मागे ठेवले, आणि त्या सबंध कारकिर्दीत दुखापतीमुळे फक्त 22 सामने बुडवले. 1997 आणि 1998 अशी दोन वर्षे अंतिम फेरीत त्याच्या वाट्याला जॉर्डनचा शिकागो बुल्स आला, यात त्याचा दोष काय? हॉरी हा उपयुक्त आणि ऐनवेळी न डगमगणारा खेळाडू होता, पण विजेतेपदे मोजून मोठेपणा ठरवणाऱ्यांनी तो जॉर्डनच्या वर का नाही, याचे उत्तर आधी द्यावे.

आता टिम डंकनविषयी. त्याच्यावर माझा पक्षपात आहे असे कोणाला वाटले तर मी नाकारणार नाही, कारण मुलांना बास्केटबॉल शिकवताना मी जे जे सांगत आलो ते सर्व या एका खेळाडूत एकत्र दिसते. आपल्या एका वाचकाने त्याला ‘कंटाळवाणा’ म्हटले आहे, आणि अमेरिकेतही तो खेळत असताना हेच म्हटले जात असे. 1997 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नव्या खेळाडूंच्या क्रमाने केलेल्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला हा खेळाडू 19 हंगाम एकाच संघात राहिला, त्याने 1999, 2003, 2005, 2007 आणि 2014 अशी 5 विजेतेपदे मिळवली, आणि त्या 19 हंगामांपैकी एकाही हंगामात सॅन अँटोनियोचा संघ बाद फेरीबाहेर राहिला नाही. त्याचा आवडता फटका म्हणजे बोर्डच्या बाजूच्या कोनातून चौकोनावर टेकवून घातलेला शॉट. आपल्याकडे पाचवी-सहावीच्या मुलांना पहिल्या महिन्यात हाच शॉट शिकवला जातो आणि आठवीत गेल्यावर मुले तो बाळबोध म्हणून सोडून देतात. बोर्डचा आधार घेतल्याने चेंडूचा वेग मरतो आणि नेम थोडा चुकला तरी चेंडू रिंगमध्ये उतरतो. डंकनने हे साधे भूमितीचे गणित जगातील सर्वात कठीण लीगमध्ये जवळजवळ वीस वर्षे चालवून दाखवले.

2003 च्या अंतिम मालिकेतील न्यू जर्सीविरुद्धच्या सहाव्या सामन्याचे आकडे मी अनेकदा मुलांसमोर फळ्यावर लिहिले आहेत: 21 गुण, 20 रिबाउंड, 10 असिस्ट आणि 8 ब्लॉक. यातले 21 गुण हा सर्वात साधा आकडा आहे. बाकीचे तीन रकाने झाकले तर हा चांगल्या खेळाडूचा बरा दिवस वाटेल. तेच तीन रकाने उघडले की अंतिम मालिकेत एका माणसाने सामन्याची चारही अंगे कशी सांभाळली हे समजते. तरीही सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंच्या चर्चेत आपल्याकडची तरुण मुले डंकनचे नाव सातव्या-आठव्या क्रमांकावर घेतात, आणि तेही आठवण करून दिल्यावर. त्याच संघातील मनू जिनोबिलीचीही दखल अशीच अपुरी घेतली जाते. 1999 च्या ड्राफ्टमध्ये 57 व्या क्रमांकावर निवडला गेलेला, 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाला सुवर्णपदक मिळवून देणारा हा खेळाडू संघाच्या सोयीसाठी वर्षानुवर्षे राखीव बाकावरून मैदानात उतरला. दुसऱ्या कोणत्याही संघात तो पहिल्या पाचात खेळला असता आणि त्याच्या नावापुढे कितीतरी जास्त गुण लागले असते.

इथवर वाचून जास्त गुण करणाऱ्या खेळाडूंना मी कमी लेखतो असा समज होऊ शकतो, म्हणून ॲलन आयव्हर्सनविषयी लिहिणे आवश्यक आहे. मागच्या आठवड्यातील एका अभ्यासू पत्रात त्याला ओव्हररेटेड खेळाडूंच्या अग्रभागी बसवले होते, आणि कारण दिले होते त्याच्या नेमबाजीच्या टक्केवारीचे. आकडा बरोबर आहे. 2000-01 च्या ज्या हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्या हंगामात त्याचे 31.1 गुण सरासरी पंचवीसहून अधिक प्रयत्नांतून आले आणि यशाचे प्रमाण 42 टक्के होते. मात्र त्या वर्षीचा फिलाडेल्फियाचा संघ कसा बांधला होता, हे त्या पत्रात कुठेच नव्हते. प्रशिक्षक लॅरी ब्राऊन यांनी आयव्हर्सनभोवती बचाव करणारे, रिबाउंड घेणारे, अंगमेहनत करणारे खेळाडू गोळा केले होते. हंगामाच्या मध्यावर अटलांटाहून आलेला डिकेम्बे मुटोम्बो त्या वर्षी सर्वोत्तम बचावपटू ठरला, ॲरन मकी सर्वोत्तम राखीव खेळाडू ठरला, आणि स्वतः ब्राऊन सर्वोत्तम प्रशिक्षक. स्वतःच्या बळावर बास्केटची संधी निर्माण करू शकेल असा दुसरा माणूस त्या संघात जवळजवळ नव्हता. चोवीस सेकंदांच्या घड्याळात शेवटची पाच सेकंदे उरली की चेंडू आयव्हर्सनच्या हातात यायचा आणि दोन-दोन बचावपटूंच्या अंगावरून त्याला शॉट घ्यावा लागायचा. असे शॉट ज्याला घ्यावे लागतात त्याची टक्केवारी घसरणारच. ते त्याने घेतले नसते तर ते दुसऱ्या कोणाला तरी, आणखी कमी यशाने, घ्यावे लागले असते. सहा फुटांच्या या खेळाडूने अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात लेकर्सच्या मैदानावर 48 गुण करून त्यांना हरवले, आणि त्या वर्षीच्या बाद फेरीत लेकर्सचा तो एकमेव पराभव ठरला. शिवाय 2001 ते 2003 अशी सलग तीन वर्षे स्टील्सच्या सरासरीत तो लीगमध्ये पहिला होता. त्यामुळे टक्केवारीचा एकच रकाना वाचून त्याला खाली ओढणे आणि गुणांचा एकच रकाना वाचून त्याला वर चढवणे, या दोन्ही वाचनांत मला एकच उणीव दिसते.

रसेल वेस्टब्रुकचे उदाहरण याहून बोलके आहे. 2016-17 मध्ये त्याने संपूर्ण हंगामात ट्रिपल-डबलची (गुण, रिबाउंड आणि असिस्ट अशा तीन रकान्यांत दोन आकडी संख्या) सरासरी राखली, 42 ट्रिपल-डबल करून ऑस्कर रॉबर्टसनचा 41 चा जुना उच्चांक मोडला आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. त्यानंतर आणखी तीन हंगामांत त्याने तशीच सरासरी राखली, आणि तोपर्यंत लोकांना त्याचे काही वाटेनासे झाले होते. पहिल्या वेळी ती अलौकिक होती आणि चौथ्या वेळी क्षुल्लक, असे कसे होईल? माझ्या मते त्या पहिल्या वर्षी त्याला थोडे जास्त डोक्यावर घेतले गेले आणि नंतर फारच लवकर खाली उतरवले गेले. नऊ असिस्ट आणि दहा असिस्ट यांत खेळाच्या दृष्टीने एका पासाचा फरक आहे. दहाच्या आकड्याला आपण दिलेले मोल चेंडूला ठाऊक नसते. सहकाऱ्यांनी बॉक्स-आउट करून प्रतिस्पर्ध्याला अडवून धरायचे आणि आत शिरलेल्या वेस्टब्रुकने तो रिबाउंड उचलून धाव घ्यायची, ही त्याच्या संघाची आखलेली चाल होती आणि ती चांगली चालही होती, पण ज्याने प्रतिस्पर्ध्याला पाठीवर रोखून धरले त्याच्या नावापुढे काहीही लागत नसे.

शिकागोच्या स्कॉटी पिपेनविषयी कोणीच लिहिले नाही, याचे मला वाईट वाटले. 1993 मध्ये जॉर्डन अचानक निवृत्त झाला तेव्हा बुल्सचा संघ कोसळेल असे सर्वांना वाटले होते. आधीच्या हंगामात 57 सामने जिंकलेल्या त्या संघाने जॉर्डनशिवाय 55 जिंकले, आणि सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात पिपेन तिसरा आला. त्याच वर्षीच्या बाद फेरीत एका सामन्याच्या शेवटच्या 1.8 सेकंदांसाठी, अखेरचा शॉट दुसऱ्याला दिला म्हणून, तो मैदानात उतरला नाही. ती वागणूक खेळाडूला शोभणारी नव्हती आणि ती माझ्या मुलांपैकी कोणी केली असती तर मी त्याला पुढचा सामना खेळू दिला नसता. परंतु लोकांना तेवढी 1.8 सेकंदे लक्षात राहिली आणि 55 विजयांचा हंगाम विसरला गेला, हे मात्र अन्यायाचे आहे.

सध्याच्या पिढीतील ज्रू हॉलिडे हाही याच पंक्तीतला. 2021 च्या अंतिम मालिकेतील मिलवॉकी संघाचे नाव काढले की सर्वांना सहाव्या सामन्यातील यानिस अँटेटोकुंपोचे 50 गुण आठवतात, आणि ते आठवायलाच हवेत. पण त्याआधी फीनिक्समधील पाचव्या सामन्यात, अवघ्या एका गुणाची आघाडी असताना शेवटच्या क्षणी हॉलिडेने डेव्हिन बुकरच्या हातातला चेंडू काढून घेतला आणि धावत जाऊन यानिसला उंच पास दिला, तिथे मालिका फिरली. 2024 मध्ये बॉस्टनकडून त्याने दुसरे विजेतेपद मिळवले. इतके असूनही हंगामातील निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात त्याची निवड फक्त दोनदा, 2013 आणि 2023 मध्ये, झाली.

आपल्या वाचकांपैकी काहींचा असा आग्रह आहे की याचा निवाडा प्रत्यक्ष खेळणाऱ्यांवरच सोपवावा, कारण त्यांना आतले कळते. रसेलच्या बाबतीत खेळाडूंच्या कौलाला मी वर महत्त्व दिले आहे, पण तो कौलही प्रत्येक वेळी अचूक असतो असे नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये एका अमेरिकन क्रीडा प्रकाशनाने एनबीएच्या खेळाडूंची निनावी मते घेतली, आणि सर्वात ओव्हररेटेड खेळाडू म्हणून सर्वाधिक मते इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनला मिळाली. त्यानंतरच्या दोन महिन्यांत त्याने मिलवॉकी, क्लीव्हलँड, न्यूयॉर्क आणि शेवटी अंतिम मालिकेत ओक्लाहोमा सिटी यांच्याविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी बास्केट घालून एकतर सामना जिंकून दिला किंवा बरोबरीत आणला. ओक्लाहोमाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात तर 0.3 सेकंद उरले होते. सातव्या सामन्यात टाचेची शीर तुटून तो कोसळला आणि इंडियाना हरले. शेवटच्या क्षणाच्या या बास्केट्सनी त्याला न्याय मिळवून दिला असे सगळे म्हणतात, आणि तिथेच माझे थोडे वेगळे मत आहे. त्याची खरी किंमत त्या हंगामातल्या दुसऱ्याच आकड्यांत आधीच लिहिलेली होती: सामन्यामागे 9.2 असिस्ट आणि अवघे 1.6 टर्नओव्हर. इतके पास देऊन चेंडू इतका कमी गमावणारा खेळाडू सबंध संघाला शांत करतो, इतरांना मोकळे शॉट मिळवून देतो, आणि स्वतः मात्र 18-19 गुणांवर थांबतो. तो अखेरचा चेंडू रिंगमध्ये गेला नसता तरी तो तेवढाच चांगला खेळाडू राहिला असता.

बचाव करणाऱ्यांची स्थिती सर्वात बिकट आहे. रुडी गोबेअरने सर्वोत्तम बचावपटूचा मान चार वेळा मिळवला आहे. हा मान चार वेळा मिळवणारे त्याच्याशिवाय फक्त मुटोम्बो आणि बेन वॉलेस. तरी मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यांत गोबेअर दिसतो तो एखाद्या चपळ गार्डने त्याला चकवले तेव्हाच. त्याला रिंगखाली उभा पाहून जो खेळाडू आत शिरण्याचा विचार सोडून चेंडू बाहेर परत देतो, त्या न घेतलेल्या शॉटचे चित्रण कोण दाखवणार? वॉलेसची गोष्ट तर आपल्या ग्रामीण भागातील प्रत्येक मुलाला सांगावी अशी आहे. 1996 च्या ड्राफ्टमध्ये कोणत्याही संघाने त्याला घेतले नाही, सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) म्हणून त्याची उंची कमी मानली जात होती, बास्केट घालण्यात तो कच्चाच होता, आणि तरी 2004 मध्ये डेट्रॉइटच्या विजेत्या संघाचा तो कणा होता.

आणखी एक उणीव निदर्शनास आणून देतो. इतक्या पत्रांत एकाही महिला खेळाडूचे नाव आलेले नाही. अमेरिकेतील महिला लीगच्या इंडियाना फीव्हर संघाची तमिका कॅचिंग्ज पाच वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरली, 2011 मध्ये लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली, 2012 मध्ये तिने संघाला विजेतेपद मिळवून दिले आणि अमेरिकेसाठी चार ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. जन्मतः तिला ऐकू कमी येते. 2020 च्या ज्या तुकडीत कोबे ब्रायंट, टिम डंकन आणि केव्हिन गार्नेट यांना बास्केटबॉलमधील दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले, त्याच तुकडीत तीही होती, पण आपल्याकडे ती तीन नावेच तेवढी छापून आली. आपल्या देशातही 2015 मध्ये डॅलसने ड्राफ्टमध्ये 52 व्या क्रमांकावर घेतलेल्या पंजाबच्या सतनाम सिंगची चर्चा घरोघरी झाली. ती व्हायलाच हवी होती, जरी त्याला एनबीएच्या मुख्य हंगामातील एकही सामना खेळायला मिळाला नाही. पण त्याच्या चार वर्षे आधी, 2011 मध्ये, केरळच्या गीतू ॲना जोसला अमेरिकेतील महिला लीगच्या संघांनी चाचणीसाठी बोलावले होते, हे किती जणांना माहीत आहे? भारतीय महिला संघाचे नेतृत्व केलेली पुण्याची शिरीन लिमये मराठी घरातली आहे, आणि सीमाभागात बास्केटबॉल खेळणाऱ्या आमच्या मुलींना तिचे नाव सांगावे लागते.

हे सारे मी आपल्या दैनिकाला विस्ताराने का लिहीत आहे, ते आता सांगतो. आपल्याकडील शालेय, महाविद्यालयीन आणि दसरा क्रीडास्पर्धांत जे अधिकृत गुणपत्रक भरले जाते, त्यात कोणी किती गुण केले, कोणाचे किती फाउल झाले आणि संघाने किती टाइम-आउट घेतले एवढेच नोंदवले जाते. रिबाउंड, असिस्ट, स्टील यांना त्या कागदावर जागाच नसते. साहजिकच वार्ताहराला दुसऱ्या दिवशी ‘अमुकने सर्वाधिक 18 गुण केले’ यापलीकडे काही लिहिता येत नाही, कात्रण त्याच मुलाच्या घरी जपले जाते, आणि पुढे जिल्हा संघाची किंवा क्रीडा वसतिगृहाची निवड होते तेव्हा तेच नाव सर्वांच्या तोंडी असते. ज्या मुलीने त्या सामन्यात दहा रिबाउंड घेतले आणि प्रतिस्पर्ध्यांच्या मुख्य खेळाडूला दोन बास्केटवर रोखले, तिचे नाव कुठेच नसते, आणि वर्षभरात तीही रिबाउंड सोडून दुरून शॉट मारायला लागते. अमेरिकेतील ज्या अन्यायावर आपण पहाटे उठून वाद घालतो, तोच आपण आपल्या मैदानावर दर शनिवारी-रविवारी करत असतो. खानापूर आणि बेळगावच्या पावसात सिमेंटच्या कोर्टावर शेवाळ धरते, शॉट कमी पडतात, आणि तालुका पातळीवरचे सामने बहुधा ज्याने चेंडू कमी गमावला तोच संघ जिंकतो. तरी बातमीत टर्नओव्हरचा उल्लेख नसतो.

कबड्डीत आपल्याकडच्या मंडळांनी हे फार पूर्वी ओळखले आहे. उत्कृष्ट चढाईसाठी जसे बक्षीस असते तसेच उत्कृष्ट पकडीसाठीही असते, आणि कोपऱ्यात उभे राहून पाय पकडणाऱ्या मुलाचे नाव गावात चढाई करणाऱ्याइतकेच घेतले जाते. बास्केटबॉल स्पर्धा भरवणाऱ्या शाळा, महाविद्यालये आणि क्रीडा मंडळे यांनी सर्वाधिक गुणांच्या चषकाबरोबर उत्कृष्ट बचावासाठी एक चषक ठेवावा, आणि आपल्या दैनिकाने निकालाखाली गुणांसोबत निदान रिबाउंड, असिस्ट, स्टील आणि टर्नओव्हर एवढे चार रकाने छापावेत, अशी माझी विनंती आहे. यासाठी फार खर्च नाही. प्रत्येक संघामागे वरच्या वर्गातील दोन जाणती मुले, एक पाहून सांगणारा आणि दुसरा लिहून घेणारा, एवढे मनुष्यबळ पुरते. असिस्ट कशाला म्हणायचे याबाबत मात्र सर्व स्पर्धांत एकच नियम हवा, नाहीतर घरच्या मैदानावर पासांची खिरापत वाटली जाईल. पास मिळाल्यावर खेळाडूने बचावपटूला चकवण्यासाठी स्वतः वेगळी खटपट न करता थेट बास्केट घातली तरच असिस्ट धरावा, असे मी सुचवतो. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतील शीर्षके असलेला एक पानी तक्ता मी तयार केला आहे. त्याची प्रत या पत्रासोबत जोडली असून, आपण ती छापलीत तर येत्या तालुका स्पर्धांपासून ती कोणत्याही माध्यमाच्या शाळेला वापरता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
टिळकवाडी, बेळगाव